आदिवासी मुलीनं वकील व्हायचं आणि तालुक्यातच काम करायचं: नेमकं काम काय, वाट कशी?

मोहफुल
कुरखेडा, एटापल्ली, धारणी, केळापूर या भागांतल्या पदवी झालेल्या आदिवासी मुली एक प्रश्न वारंवार विचारतात: "वकील झालो तर गावातल्या बायांसाठी काय करता येईल?" उत्तरात त्यांना बहुतेक वेळा भाषण मिळतं. इथं भाषण नको. कोणती प्रकरणं येतात, कोणता कायदा लागतो, कुठं गाडी अडते आणि पोट कसं चालतं, हे जाणकारांनी लिहावं. बाईची बाजू कोर्टाआधीच, तलाठ्याच्या दप्तरातच हरलेली असते असं माझं मत आहे. ते चूक असेल तर तसंही सांगा.

वैनगंगाकाठ
आधी वाट सांगतो, कारण मुली इथंच गळतात.

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं. दोन्हींसाठी राज्याची विधी सीईटी द्यावी लागते. पात्रता परीक्षेत अनुसूचित जमातीला ४० टक्के पुरतात. नागपूरला जाणं जमत नसेल तर चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती इथंही विधी महाविद्यालयं आहेत. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर प्रकल्प कार्यालयाच्या 'स्वयम्' योजनेतून जेवण-राहण्याचे पैसे मिळतात. त्याचा अर्ज वेगळा असतो. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत थांबून राहिलं तर तारीख हातची जाते.

पदवी झाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. इथं एक गोष्ट पाठ करून ठेवा: सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानं ठरलं की वकील कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५ रुपये. मुद्रांकाचा खर्च वेगळा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा: १०० प्रश्न, टीपा-भाष्य नसलेली मूळ कायद्याची पुस्तकं सोबत चालतात, अनुसूचित जमातीला ४० टक्क्यांना उत्तीर्ण.

रानपाखरू
१२५?! काही मुली तर नोंदणीला पंधरा-वीस हजार लागतात म्हणून पहिल्या वर्षीच माघार घेतात. हे वसतिगृहाच्या भिंतीवर लावा जी.

सातबारा_आठअ
मोहफुल ताई, तुमचं मत माझ्या मते बरोबर आहे. वारस नोंदीचं पाहू.

बाप वारला. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज होतो, आता ई-हक्क या ऑनलाइन सेवेवरूनही होतो. राज्याच्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, चौकशी लिहिली जाते. मग फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, नमुना ६ ला, नोटीस, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण ६-अ च्या विवादग्रस्त नोंदवहीत जातं, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

बाई गळते त्या जागा अशा:

प्रतिज्ञापत्रात फक्त मुलगे. "मुली लगन होऊन गेल्या" म्हणून त्यांची नावंच नाहीत. चौकशीत कुणी विचारत नाही, आणि नोटीस मुलीच्या सासरच्या गावी पोहोचतच नाही.

विधवेचं नाव 'अ.पा.क.' म्हणून, म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती एवढंच. मुलगा सज्ञान झाला की तिचं नाव निघून जातं. ती स्वतः वारस आहे हे कधी लिहिलेलंच नसतं.

'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून थोरल्या भावाचं नाव. जुन्या सातबाऱ्यांवर हे फार. बहिणी त्या तीन अक्षरांमागं झाकल्या जातात. त्या जमिनीवर कर्ज काढलं, भूसंपादनाचा मोबदला आला, तर सही एकट्या भावाची.

नोटरीपुढचं 'हक्कसोड'. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलं नसेल तर त्यानं हक्क सुटत नाही. शंभराच्या मुद्रांकावर अंगठा घेऊन फेरफार झाला असेल तर तो आव्हानाला खुला आहे.

उपाय: कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील, मुदत ६० दिवस. मुदत गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबतच द्यायचा, त्यात आदेश कधी कळला आणि कसा कळला हे तारखेनिशी लिहायचं. "अशिक्षित असल्याने" एवढ्यावर विलंब माफ होईलच असं धरून चालू नका. हेही लक्षात ठेवा की फेरफारानं मालकी ठरत नाही. भाऊ मालकीच नाकारत असेल तर वाटणीचा दिवाणी दावा लागतो. नुसत्या महसुली अपिलावर चार वर्षं घालवणं ही नव्या वकिलाची नेहमीची चूक.

तेंदूपान
अ.पा.क. बद्दल पहिल्यांदाच कळलं. आईचा सातबारा आजच काढतो.

कोलामपोड
सातबाऱ्याइतकाच मोठा विषय वनहक्क पट्ट्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४) स्वच्छ सांगतं: लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, एकट्या व्यक्तीच्या घरात त्या व्यक्तीच्या नावानं. हा हक्क वारशानं जातो, विकता येत नाही. दाव्याचा नमुना आधी वाचायची सवय लावा. वैयक्तिक दाव्याच्या नमुन्यात दुसराच रकाना जोडीदाराच्या नावाचा आहे. तो रिकामा सोडून "कुटुंबातील इतर सदस्य" या रकान्यात बायकोचं नाव मुलांच्या रांगेत टाकतात. पट्टा मग एकट्या पुरुषाच्या नावानं छापून येतो.

एकल बायांचं काम त्याहून तातडीचं. टाकलेली, विधवा, लग्न न केलेली बाई १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असेल तर ती स्वतः दावेदार आहे. दिराच्या किंवा मुलाच्या दाव्यात तिला शिरवायची गरज नाही. पुरावा दोन प्रकारचा तरी हवा. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी कथन हाही नियम १३ प्रमाणं पुरावाच आहे, फक्त ते कथन दावेदाराचं स्वतःचं नको. उपग्रहाचा नकाशा जोडपुरावा आहे, बाकीचे पुरावे बाजूला सारायला तो वापरता येत नाही.

दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि दावेदाराला स्वतःला कळवावं लागतं. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडं ६० दिवस, तिच्याविरुद्ध जिल्हा समितीकडं ६० दिवस. अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून राज्यपालांच्या अधिसूचनेनं विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं वरचं अपीलही आहे. पुष्कळ ठिकाणी नकाराचं पत्रच दिलेलं नसतं. मग पहिलं पाऊल अपिलाचं नाही, नकाराची प्रत लेखी मागण्याचं. प्रत हाती आली की दिवस मोजायला लागायचे.

वैनगंगाकाठ
यात ग्रामसभेची भर घालतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्याहून कमी माणसं चालत नाहीत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. वनहक्क समितीतही एक तृतीयांश बाया. हजेरीपटावर बायांच्या सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या असतील तर ठराव पुढं अडचणीत येतो. त्याचं नुकसान सगळ्या गावाला होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये १८०० हेक्टरच्या आसपास सामूहिक हक्क मिळाला, त्यामागं ग्रामसभेची अशी वर्षांची शिस्त होती.

खंडपीठ_नागपूर
वरच्या सगळ्यांचा आदर ठेवून थोडी असहमती. दप्तराचं काम लागतंच, पण कायदाच बाईच्या विरुद्ध उभा असेल तर तलाठी काय करणार? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २(२): केंद्रानं अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना दिलेला समान वाटा गोंड, माडिया, कोरकू, कोलाम मुलीला आपोआप मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याच कलमावर बोट ठेवून आदिवासी बाईचा दावा फेटाळला, आणि हे बदलण्याचा विचार करा असं केंद्राला सांगितलं.

मग १७ जुलै २०२५ चा रामचरण विरुद्ध सुखराम निकाल. सरगुजाकडचं गोंड कुटुंब, आईच्या वाट्यासाठी मुलं भांडत होती. खालच्या कोर्टांनी म्हटलं, मुलींना वाटा देणारी रूढी तुम्ही सिद्ध केली नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे उलटं फिरवलं: मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नाही, तेव्हा समानता, न्याय आणि सदसद्विवेक यांप्रमाणे वाटा द्यायचा. त्यात आधार घेतला १८७५ च्या मध्य प्रांत कायद्याचा. तो कायदा जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे आपल्या नागपूर, भंडारा, चांदा भागाचाही. गडचिरोलीच्या दिवाणी कोर्टात गोंड मुलीच्या दाव्यात हा निकाल पहिल्या पानावर हवा.

पण जपून. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं हिमाचल उच्च न्यायालयाचं एक निरीक्षण रद्द केलं. आदिवासी मुलींना हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वाटा मिळेल असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे वाट समानतेच्या तत्त्वातून जाते, १९५६ च्या कायद्यातून नाही. दावा लिहिताना कलम चुकलं तर चांगला दावाही पडतो.

गोंडवनी
खंडपीठ साहेब, माहिती मोलाची. पण "कायदाच बाईच्या विरुद्ध" हे पटलं नाही. कलम २(२) नं आमची ओळख राखली आहे. आम्ही हिंदू नाही. आमचा जन्म-लग्न-मरणाचा व्यवहार आमच्या रूढीनं चालतो. उद्या अधिसूचना काढून हिंदू कायदा लावला तर वाटा मिळेल आणि बाकी सगळं जाईल. दुसरी भीती जमिनीची. बिगर-आदिवासी माणूस आदिवासी बाईशी लग्न करतो, तिच्या नावावर जमीन घेतो, राखीव सरपंचपदावर तिला उभी करून कारभार स्वतः चालवतो. हे सिरोंचापासून राजुऱ्यापर्यंत दिसतं.

सातबारा_आठअ
गोंडवनी दादा, भीती खरी आहे, पण तिचा इलाज मुलीचं नाव गाळणं हा नव्हे. महसूल संहितेचं कलम ३६-अ मुलीच्या हातातल्या जमिनीलाही तितकंच लागतं. ६ जुलै १९७४ नंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विक्री, दान, गहाण, पट्टा काहीच नाही. आधीच्या व्यवहारांसाठी, १ एप्रिल १९५७ पासूनच्या, जमीन परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे. बाहेर गेलेल्या जमिनींच्या जुन्या फाइली काढून पाहा, विकणाऱ्याच्या जागी बहुतेक पुरुषाचाच अंगठा सापडेल.

खंडपीठ_नागपूर
आणि अधिसूचनेचा आग्रह माझाही नाही. रूढी टिकवून समान वाटा मागता येतो, हे रामचरण निकालानंच दाखवलं. ग्रामसभेनं मुलींच्या वाट्याचा ठराव घेतला, तो नोंदवहीत राहिला, तर रूढी कशी आहे याचा तो चांगला पुरावा होईल. गोंडवनी, यात तुमच्यासारख्यांचाच शब्द चालेल.

गोंडवनी
ग्रामसभेच्या ठरावाची वाट मान्य आहे. ते आमच्या हातचं आहे.

मोहफुल
लग्न करून ओळख जाण्याचा विषय निघाला म्हणून एक बाहेरचं उदाहरण. कॅनडात इंडियन ॲक्टप्रमाणं आदिवासी बाईनं बाहेरच्याशी लग्न केलं की तिचा नोंदणीचा दर्जा जायचा. पुरुषानं केलं तर त्याच्या बायकोला उलट दर्जा मिळायचा. १९८५ मध्ये दुरुस्ती झाली, तरी आईकडून आलेली नातवंडं मागंच राहिली. शॅरन मॅकआयव्हर ही ब्रिटिश कोलंबियातल्या लोअर निकोला समूहातली आदिवासी वकील स्वतःच्या आणि मुलाच्या नोंदीसाठी १९८९ पासून लढली. २००९ ला अपील न्यायालयानं भेदभाव मान्य केला, २०११ पासून कायदा थोडा बदलला. तेवढ्यावर ती थांबली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं जानेवारी २०१९ मध्ये तिच्या बाजूनं मत दिलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उरलेली दुरुस्ती लागू झाली. तीस वर्षं, आणि सगळा झगडा एका नोंदवहीतल्या नावाचा. म्हणून मला ती आपल्या कामाच्या जवळची वाटते.

वैनगंगाकाठ
आपल्याकडं जमात जन्मानं ठरते, लग्नानं जात नाही आणि येतही नाही. लग्नानंतरही बाईचा दाखला बापाच्या नावानंच काढायचा, नवऱ्याच्या नावानं अर्ज केला की परत येतो. आई आदिवासी आणि बाप बिगर-आदिवासी असेल तर मूल बापाचं धरलं जातं. पण ते गृहीतक खोडता येतं, हे २०१२ च्या रमेशभाई नायका निकालात आहे. मूल आईच्या समाजात वाढलं, त्याच वागणुकीला सामोरं गेलं, हे शाळेच्या नोंदी आणि साक्षींनी दाखवावं लागतं. टाकलेल्या बायांच्या मुलांना याचा फार उपयोग.

रानमेवा
नवरा-बायकोच्या प्रकरणांवर कुणी लिहिलं नाही, आणि तालुका कोर्टात तीच जास्त येतात.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) मध्येही तीच सूट आहे. गोंड जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज कलम १३ खाली टाकला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहतो आणि अर्ज टिकत नाही. रूढीनं फारकत झाली असेल तर ती झाली असं जाहीर करून मागण्याचा दावा करायचा. त्यात रूढी कोणती, पंच कोण, काय परत दिलं, कोणत्या दिवशी, हे सगळं मांडायचं. २००१ चा कुजूर विरुद्ध हंसदा निकाल प्रत्येकीनं वाचावा. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं म्हणून आदिवासी बायकोनं फिर्याद केली, पण दुसरं लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी नीट मांडली आणि सिद्ध केली नाही म्हणून ती सर्वोच्च न्यायालयात हरली. बाजू खरी, लिखाण अपुरं.

पोटगीला मात्र धर्म-जमात आड येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, पूर्वीचं १२५, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा दोन्ही लागू. राहत्या घराचा आदेश दुसऱ्यातूनच मिळतो, म्हणून घरातून काढलेल्या बाईसाठी आधी तो. कोर्ट फीची काळजी नको: पोटगी, लग्नाच्या वादातली मालमत्ता, हिंसाचार, घटस्फोट या प्रकरणांत बायांना राज्यात १९९४ च्या अधिसूचनेनं फी माफ आहे. दाव्याच्या पहिल्या पानावर तो उल्लेख करा, नाहीतर कार्यालयातून फीचा शेरा मारून कागद परत येतो.

पळसवाडी
चेटकीण ठरवून मारहाणीच्या प्रकरणात कोणता कायदा? ॲट्रॉसिटी लागतो का?

रानमेवा
आरोपी कोण यावर अवलंबून. २०१५ च्या दुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चेटकीण म्हणून इजा करणं किंवा मानसिक त्रास देणं हा ॲट्रॉसिटी कायद्यात वेगळा गुन्हा केला. पण आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर तो कायदा लागत नाही, आणि गावात बहुतेकदा भाऊबंदच आरोपी असतात. तिथं राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा: सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार, दखलपात्र, अजामीनपात्र. फिर्यादीत नुसती "मारहाण" लिहिली तर ते कलम लागतच नाही. कोण काय बोललं, कोणत्या भगताचं नाव घेतलं, कुणाच्या आजाराचा आळ घातला, हे बाईच्या शब्दांत हवं.

ॲट्रॉसिटी लागत असेल तर तपास उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करतो. कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडितेला मिळायला हवी. तिच्यातर्फे कुणी हजर नसलं की सुनावणी एकतर्फी होते. नव्या वकील मुलीला हे काम पहिल्या वर्षापासून करता येतं.

मोहफुल
आपल्या भागाला हे परकं नाही. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज (वडसा) पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला तोच मथुरा खटला. सत्र न्यायालयानं आरोपी सोडले, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती, असा अर्थ काढला गेला. चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराला वेगळी कठोर शिक्षा, आणि संमती नव्हती असं बाईनं सांगितलं की कोर्टानं तसं गृहीत धरायचं. देशाचा कायदा आपल्या वडसातल्या प्रकरणावरून बदलला, हे इथल्या मुलींना माहीत असावं.

माडियाबोली
वरच्या सगळ्याला एक अट आहे: बाईचं बोलणं कागदावर नीट उतरलं पाहिजे. माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईचा जबाब ठाण्यात मराठीत लिहिला जातो, मधे कुणीतरी शिपाई नाहीतर गावचा पुढारी भाषांतर करतो. "ओढलं" आणि "नेलं" यांत फरक राहत नाही. तारीख विचारली तर बाई सणावरून, मोहाच्या हंगामावरून सांगते, लिहिणारा अंदाजानं तारीख टाकतो. उलटतपासणीत मग तीच तारीख तिच्या अंगावर येते. म्हणून जबाबात तिच्याच भाषेतला शब्द आणि पुढं मराठी अर्थ लिहायला सांगा, दुभाष्याचं नाव आणि सही घ्या, आणि जबाब तिला तिच्या भाषेत वाचून दाखवल्याची नोंद घ्या. हे काम भाषा येणारी मुलगीच करू शकते. नागपुरातला कितीही मोठा वकील आणला तरी हे त्याला जमणार नाही.

काटेसावर
पोटाचं राहिलं. बायांची प्रकरणं बिनपैशाची. वकील मुलगी खाणार काय?

वैनगंगाकाठ
खरं आहे. पहिली तीन वर्षं कठीण, तेव्हा ज्येष्ठ वकिलाकडं बसून दिवाणी-महसुली दोन्ही शिकायचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक बाईला आणि प्रत्येक आदिवासीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्या वकिलाला मानधन विधी सेवा प्राधिकरण देतं. पॅनेलवर येण्यासाठी तीन वर्षांची वकिली लागते. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेलाही मे २०२५ च्या निकालानंतर तीन वर्षं वकिली हवी. म्हणून सनद लवकर काढा, त्या तारखेपासूनच वर्षं मोजली जातात. नोटरीसाठी साधारण दहा वर्षं, बाया आणि अनुसूचित जमातीला सात. तालुक्याच्या ठिकाणी नोटरीनं घर चालतं.

शिकत असतानाच तालुका विधी सेवा समितीकडं विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. बायांना १५१०० या मोफत क्रमांकाची माहिती देणं, अर्ज भरणं, ठाण्यात सोबत जाणं, हे तेव्हापासून करता येतं.

रानपाखरू
यंदा सीईटी देणाऱ्यांनी आत्ता लगेच काय करावं? एकच गोष्ट सांगा.

वैनगंगाकाठ
वैधता. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जमात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि गडचिरोली, नागपूर, अमरावतीच्या तपासणी समित्यांत वेळ जातो. बापाकडच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर ती आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. १९५० च्या आधीची नोंद सगळ्यांत भारी: आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना अधिकार अभिलेख. आडनाव एका कागदावर मडावी आणि दुसऱ्यावर वेगळं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आप्तभाव चाचणीत सणवार, देव, कुळ विचारतात. मार्च २०२३ च्या निकालाप्रमाणं ती प्रत्येक प्रकरणात निर्णायक नाही, तरी उत्तरं आजीला विचारून ठेवा.

मोहफुल
कोतवाल बुकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून निघते ना? सोमवारी तीन मुली जाणार आहेत.

सातबारा_आठअ
हो ताई, तिथूनच. अर्जात गावाचं नाव, जुना बंदोबस्त क्रमांक माहीत असेल तर तो, आणि आजोबांच्या जन्माचं अंदाजे वर्ष लिहा, पुढं-मागं पाच वर्षं धरून. नक्कल प्रमाणित मागा, प्रत्येकीला तीन प्रती. आणि गेल्याच आहेत तर आईच्या नावाचा फेरफारही शोधून या.